परतीच्या शेवटच्या टप्प्याची यादी कोण देणार?

मा. संपादक,

स. न. वि. वि.

दिवाळीची सुट्टी जवळ आली की पुरवण्यांतून 'गाडीने लांबच्या सहलीला निघताना' अशा याद्या येऊ लागतात. ऑइल बदला, हवा तपासा, स्टेपनी बघा, कागदपत्रं घ्या. याद्या बरोबरच असतात. तक्रार एवढीच, की त्या सगळ्या कोल्हापूर सोडण्याच्या दिवसाच्या असतात. त्या दिवशी गाडी नुकती सर्व्हिसिंग होऊन आलेली असते, चालवणारा ताजा असतो आणि डिकीत अजून जागा असते. चार-पाच हजार किलोमीटर झाल्यावर, राजस्थान किंवा काशी-प्रयाग करून परत फिरलेल्या गाडीचे शेवटचे तीन दिवस कसे काढायचे, यावर कुणी लिहीत नाही. आम्ही शिरोली नाका आणि उद्यमनगर भागात टायर, अलाइनमेंट आणि ब्रेकची कामं करणारे, तसेच भाड्याच्या गाड्या घेऊन उत्तरेत जाणारे चालक. सुट्टी संपल्यावर रॅम्पवर चढणाऱ्या गाड्या खालून बघितल्या की घरी पोचण्यात नशिबाचा वाटा किती होता ते कळतं. म्हणून हे पत्र.

सुरुवात गाडीपासून नाही, मुक्कामापासून करतो, कारण बिघाड तिथूनच सुरू होतो. उदयपूर ते कोल्हापूर साधारण साडेअकराशे ते बाराशे किलोमीटर. नकाशावर ते दोन दिवसांचं दिसतं आणि बहुतेक जण तसंच ठरवतात. पहिला मुक्काम वापी, दुसऱ्या दिवशी एका दमात घर. हा दम सव्वापाचशे-साडेपाचशे किलोमीटरचा असतो. त्यात घोडबंदरची कोंडी, खंडाळ्याचा चढ, पुण्याचा बाह्यवळण रस्ता आणि खंबाटकी येतं. सकाळी आठला वापी सोडलेल्या गाडीला साताऱ्याच्या अलीकडेच अंधार गाठतो. म्हणजे सगळ्यात थकलेला माणूस सगळ्यात अवघड पट्ट्यात रात्री येतो, आणि तोही 'आता काय, आलंच घर' म्हणत.

आमचा हिशेब उलटा आहे. शेवटचा टप्पा सगळ्यात लहान. पहिल्या दिवशी उदयपूर ते भरूच, सुमारे साडेचारशे. दुसऱ्या दिवशी भरूच ते पुणे, पावणेपाचशेच्या आसपास. सकाळी सहा-साडेसहाला निघालं तर घोडबंदरचा गायमुखचा चढ दुपारच्या वेळेत निघतो, सकाळ-संध्याकाळच्या गर्दीत सापडत नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी सहाला पुणे सोडायचं, दहा-साडेदहाला ताराराणी पुतळ्यापाशी. पुण्यात पाहुणे नसलेलं कोल्हापुरी घर शोधून सापडायचं नाही, त्यामुळे हॉटेलचा खर्च हे कारण चालत नाही. रजा एक दिवस जास्त लागते, हे खरं. ती निघायच्या आधीच टाकून ठेवावी. परतीच्या वाटेवर फोन करून रजा वाढवायला कुणी धजत नाही.

काशी, जबलपूरकडून नागपूरमार्गे येणाऱ्यांना दोन वाटा आहेत. समृद्धी महामार्गाने शिर्डी किंवा सिन्नरपर्यंत येऊन तिथून पुणे, किंवा सरळ यवतमाळ, नांदेड, लातूर, सोलापूर, सांगली. दुसऱ्या वाटेने येणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. सोलापूरहून कोल्हापूरकडे येताना तोंड पश्चिमेला असतं. दुपारी चारनंतर या रस्त्याला लागलात तर मिरजेपर्यंत सूर्य काचेत, अगदी डोळ्यांसमोर. हजार किलोमीटरचे किडे आणि धूळ चिकटलेल्या काचेवर ते ऊन पडलं की समोरची काच दुधासारखी पांढरी होते आणि सायकलवाला दिसत नाही. त्यामुळे मुक्काम तुळजापूरला, पहाटे दर्शन, आणि सोलापूरपासून पुढचा रस्ता सकाळी, सूर्य पाठीवर घेऊन. समृद्धीने येणाऱ्यांना अडचण वेगळी. मोटारीला ताशी १२०ची मर्यादा, सरळ काँक्रीट, वळण नाही, गाव नाही. डोळे उघडे असतात आणि माणूस आत झोपलेला असतो. तिथे दर दीड तासाला थांबायचंच, थकवा जाणवो न जाणवो.

झोपेबद्दल दोन आकडे पुरेत. सलग १७ तास जागा असलेल्या माणसाचं गाडीवरचं भान रक्तात ०.०५ टक्के दारू असल्याइतकं ढिलं होतं, हे अभ्यासांत दिसलेलं आहे. आपल्या कायद्याची मर्यादा ०.०३ आहे. आणि ताशी ९०च्या वेगाला गाडी सेकंदाला २५ मीटर जाते, म्हणजे चार सेकंदांची डुलकी लागली की शंभर मीटर गाडी कुणाच्याच ताब्यात नसते. डुलकीच्या आधीच्या खुणा ठरलेल्या आहेत. मागचा बोर्ड कुठल्या गावाचा होता ते आठवत नाही. चाक कडेच्या खडबडीत पट्टीवर जाऊन घर्र वाजतं. पुढच्या गाडीशी अंतर कमी-जास्त होत राहतं. यातलं एक जरी झालं तरी पुढचा पंप गाठून थांबायचं. खिडकी उघडणं, गाणी मोठ्याने लावणं, तंबाखूची चिमूट, तोंडावर पाणी, यांचा असर पाच-दहा मिनिटं टिकतो. खरा इलाज असा: उजेडाच्या पंपावर गाडी लावायची, आधी कडक चहा किंवा कॉफी घ्यायची, मग वीस मिनिटांचा गजर लावून सीट मागे टाकून झोपायचं. चहा-कॉफी अंगाला लागायला वीस ते तीस मिनिटं जातात, त्यामुळे उठेपर्यंत तीही कामाला लागलेली असते. अर्ध्या तासापेक्षा जास्त झोपलं तर माणूस सुस्त उठतो. पहाटे दोन ते पाच आणि दुपारी दोन ते चार या दोन वेळा शरीर स्वतःच झोप मागतं. दुपारी पोटभर गुजराती थाळी जेवून लगेच स्टीअरिंगवर बसणं म्हणजे आमंत्रणच.

आणखी एक, जे बहुतेकांच्या लक्षात येत नाही. एसीचं बटण 'आतली हवा आत फिरवा' यावर दिवसभर ठेवलेलं असतं. पाच माणसं बंद गाडीत तासन्‌तास श्वास सोडतात, आतला कार्बन डायऑक्साइड वाढतो आणि सगळ्यांना पेंग येते. मागचे झोपले तर झोपू देत, पण चालवणाऱ्यालाही त्याच हवेत बसायचं असतं. दर अर्ध्या तासाने पाच मिनिटं बाहेरची हवा घेण्याचं बटण दाबा.

आता टायर. याच्यावर जास्त लिहितो, कारण परतीच्या गाड्यांत सर्वाधिक कुरबुर इथेच असते.

हवा सकाळी, गाडी हलवण्याआधी तपासायची. गाडी निदान तीन तास उभी असली पाहिजे. पंप दोन-तीन किलोमीटरच्या आत असेल तर तिथवर गेलेलं चालतं. चालून तापलेल्या टायरमध्ये चार ते सहा पौंड (पीएसआय) जास्त दाखवतं. पंपावरचा मुलगा 'हवा जास्त आहे' म्हणून ती काढतो, आणि दुसऱ्या दिवशी थंड टायरमध्ये ३३ऐवजी २८च उरते. तापलेल्या टायरची हवा काढायची नाही. उलट कमी दाखवत असेल तर ती खरंच कमी आहे, भरून घ्या. किती भरायची ते चालकाच्या दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर असतं, आणि तिथे दोन आकडे असतात: कमी माणसांसाठी वेगळा, पूर्ण भरलेल्या गाडीसाठी वेगळा. परतीच्या वाटेवर गाडी पूर्ण भरलेली असते, तेव्हा दुसरा आकडा धरा. कमी हवेच्या टायरची बाजू प्रत्येक फेऱ्याला दबते आणि सुटते, त्यात उष्णता तयार होते, आतले थर सुटू लागतात आणि टायर फुटतो. दोष बहुतेक वेळा टायरच्या कंपनीवर जातो. नायट्रोजन भरलेला असला तरी गरज पडल्यास साधी हवा घातलेली चालते. नायट्रोजनवाला सापडेपर्यंत कमी हवेवर पळवू नका.

मे महिन्यात मनाली-लेहकडून परतणाऱ्यांचा गोंधळ याहून वेगळा. लेह ३५०० मीटरवर आहे, तिथे वातावरणाचा दाब समुद्रसपाटीपेक्षा सुमारे पाच पौंडांनी कमी. गेज हा बाहेरच्या दाबाच्या तुलनेत आकडा दाखवतो. त्यामुळे लेहला ३३ भरलेली हवा खाली मैदानात, तापमान तेवढंच धरलं तर, २८च्या आसपास दिसेल. पण तापमान तेवढं राहत नाही. लेहची सकाळ १० अंशांची आणि राजस्थानची दुपार ४० अंशांची. दर सहा अंशांना साधारण एक पौंड वाढतो. एक गोष्ट हवा कमी दाखवते, दुसरी वाढवते, आणि दोन्ही मिळून काय होईल हे पायाने टायर दाबून कळत नाही. गेज लावा. चांगलं गेज पाचशे-हजाराच्या आत मिळतं. पंपावरचं यंत्र बरोबर असेलच असं नाही.

हवेनंतर टायरची आतली बाजू. बाहेरची बाजू सगळे बघतात. स्टीअरिंग पूर्ण एका बाजूला वळवा, मोबाइलची बॅटरी लावा आणि पुढच्या टायरच्या आतल्या भिंतीवरून तळहात फिरवा. खड्ड्यात रिम आदळली की टायरच्या बाजूचे दोरे आत तुटतात आणि तिथे फुगा येतो, लिंबाएवढा किंवा त्याहून लहान. बाहेरून रबर शाबूत असतं, हवा कमी होत नाही, गाडी नीट चालते. तो फुगा कधी जाईल याची तिथी नसते. फुगा सापडला तर ते चाक त्याच ठिकाणी काढून स्टेपनी लावायची, 'घरी जाऊन बघू' नाही. मग दुसऱ्या बाजूला स्टीअरिंग वळवून तसंच. मागच्या टायरसाठी गुडघ्यावर बसावं लागतं. कपडे मळतात, मळू देत.

झीज कशी झालीय त्यावरून दुखणं कळतं. दोन्ही कडा खाल्ल्या असतील तर हवा कमी चालवलीय. मधला भाग गेला असेल तर हवा जास्त. एकच कड, विशेषतः आतली, साफ झाली असेल तर अलाइनमेंट गेलंय. डोंगरातल्या दगडगोट्यांवरून आलेल्या गाडीत हे हमखास. हाताला पायऱ्यापायऱ्यांसारखं लागलं तर शॉकअप किंवा बॅलन्सिंग. नक्षीच्या खाचेत आडव्या उंचवट्याच्या खुणा असतात, त्यांची उंची १.६ मिलिमीटर, रबर त्या खुणांना टेकलं की टायर संपला. आणि टायरच्या बाजूवरच्या DOT ओळीतले शेवटचे चार आकडे वाचा. २३२१ असेल तर तो २०२१ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला. दिसायला नवा पण सात-आठ वर्षांचा टायर परतीच्या उन्हात कडांना तडे दाखवू लागतो. स्टेपनीवरचे आकडेही वाचा, कारण ती वापरली नसली तरी तिचं वय थांबत नाही.

पंक्चर काढून घेताना समोर उभं राहा. खिळा कुठे होता ते बघा. टायरच्या चालत्या भागात असेल तर चिकट वाती घालून काम होतं. बाजूच्या भिंतीत असेल तर ते दुरुस्त होत नाही, कुणी करून दिलं तरी त्यावर महामार्गाला लागायचं नाही. वात घातल्यावर साबणाचं पाणी टाकून बुडबुडे बघा, वॉल्व्हवरही टाका. टायर पाण्याच्या टाकीत बुडवताना एका खिळ्याची चार पंक्चरं निघू लागली, की प्रत्येक छिद्र आधी स्वतः बघितल्याशिवाय टोच्या (छिद्र पाडायचं हत्यार) चालवू देऊ नका. चाक बसवताना नट समोरासमोरचे आलटून-पालटून आवळायचे, गोल क्रमाने नाही. आणि पन्नास ते शंभर किलोमीटरनंतर थांबून पुन्हा एकदा पाना लावायचा. हे दुसरं आवळणं कुणी करत नाही, आणि सैल झालेला नट आम्हाला रॅम्पवर हाताने फिरवता येतो. बऱ्याच गाड्यांची स्टेपनी बारीक असते आणि तिच्यावर ताशी ८०ची मर्यादा छापलेली असते. ती पंक्चरवाल्यापर्यंत जाण्यासाठी आहे, कोल्हापूरपर्यंत येण्यासाठी नाही.

वजनाचं बोलायला हवं. जाताना पाच बॅगा असतात, येताना त्या आठ होतात, त्यात जयपुरी रजया, आणि काहींच्या डिकीत मकराण्याच्या दगडाचा देव्हारा. पाच आसनांच्या बहुतेक मोटारींना माणसांसकट साधारण चारशे किलोच्या आसपासच भार झेपतो. पाच मोठी माणसं धरली तर सामानाला पन्नास-साठ किलो उरतात. देव्हारा एकटाच तेवढा असतो. तो आणायचाच असेल तर ट्रान्सपोर्टने पाठवा. निदान डिकीच्या तळाला, मागच्या सीटला टेकवून, दोरीने बांधून ठेवा. कडेला मोकळा ठेवला तर जोराच्या ब्रेकला तो सीट फोडून पुढे येतो. मागून भार पडला की गाडीचं नाक वर होतं आणि डिपरसुद्धा समोरच्याच्या डोळ्यांत जातो. स्टीअरिंगच्या उजवीकडे खाली शून्य ते तीन आकडे असलेलं छोटं चाक अनेक गाड्यांत असतं, ते याच्यासाठीच आहे. भरलेल्या गाडीला दोन किंवा तीनवर ठेवा. समोरून येणारे सारखे लाइट मारत असतील तर त्यांना शिव्या देण्याआधी ते चाक बघा.

ब्रेकबद्दल. नव्या पॅडची जाडी दहा-बारा मिलिमीटर असते. तीन उरली की बदलायची. डोंगर उतरून आलेल्या गाडीत पुढची पॅड त्या आकड्याजवळ आलेली असतात. ब्रेक ऑइलची पातळी थोडी खाली आली म्हणून त्यात नुसतं ऑइल ओतू नका. पॅड झिजले की पिस्टन बाहेर येतो आणि ऑइल तिकडे जातं. पातळी हा पॅडचा निरोप आहे. ब्रेक मारताना स्टीअरिंग थरथरत असेल तर डिस्क वाकडी झालीय. ब्रेक न मारताच ८० ते १०० दरम्यान थरथरत असेल तर बॅलन्सिंग किंवा रिम. एका चाकाजवळून जळका वास येत असेल तर त्याचा ब्रेक चिकटलाय. चाकाजवळ उलटा हात नेऊन बाकीच्यांच्या तुलनेत किती तापलंय ते बघा, रिमला हात लावू नका. पायडल खाली गेल्यासारखं मऊ लागलं तर गाडी पुढे न्यायची नाही, एवढं एकच वाक्य.

इंजिनचं थोडक्यात आटपतो. ऑइलची पट्टी सपाट जागी, इंजिन बंद करून दहा मिनिटांनी, पुसून पुन्हा बुडवून बघायची. दोन खुणांमधलं अंतर बहुतेक मोटारींत लिटरभराचं असतं. पाच हजार किलोमीटरला अर्धा लिटर खाल्लं तर घाबरायचं कारण नाही, पण तळाच्या खुणेवर आलं असेल तर त्याच ग्रेडचं भरा. राजस्थानच्या धुळीने एअर फिल्टर चोंदतो. पंपावर हवेच्या पाइपने आतून बाहेर झटका, बाहेरून आत नाही, आणि पाण्याने धुऊ नका. खंडाळ्याच्या चढाला भरलेल्या गाडीच्या तापमानाचा काटा वर चढू लागला तर एसी बंद, हीटर पूर्ण चालू, आणि कडेला थांबून इंजिन मिनिट-दोन मिनिटं नुसतं चालू ठेवा म्हणजे पंखा काम करत राहील. लाल दिवा लागला किंवा पाणी बाहेर येत असेल तर मात्र लगेच बंद करा. रेडिएटरचं झाकण तापलेलं असताना उघडायचं नाही. नव्या डिझेल गाड्यांत युरियाची वेगळी टाकी असते. त्याचे किलोमीटर शून्यावर येऊन गाडी बंद केली की पुन्हा चालू होत नाही. गुजरातेतच भरून घ्या आणि त्यात साधं पाणी टाकण्याचा शहाणपणा करू नका. कच्छच्या रणात किंवा द्वारका-सोमनाथच्या किनाऱ्यावर गाडी फिरली असेल तर पहिल्या वॉशिंग सेंटरवर खालून नुसत्या पाण्याने धुऊन घ्या; मीठ घरी येईपर्यंत थांबत नाही.

काच सुकी असताना वायपर फिरवला की किड्यांचं तेल सगळीकडे पसरतं. रोज रात्री मुक्कामाला काच ओल्या फडक्याने आणि साबणाने आतून-बाहेरून पुसा. राजस्थानच्या उन्हाने वायपरचं रबर कडक झालेलं असतं, आणि खंबाटकीच्या अलीकडे परतीचा पाऊस गाठतो तेव्हाच ते कळतं.

टोलचं एक. वर्षाचा, दोनशे फेऱ्यांचा फास्टॅग पास अनेकांनी घेतलाय. तो राष्ट्रीय महामार्गांवर चालतो. मुंबई-पुणे द्रुतगती आणि समृद्धीवर चालत नाही, तिथे फास्टॅगच्या शिलकीतूनच पैसे जातात. पास आहे म्हणून शिल्लक शून्य ठेवलेल्या गाड्या तिथे अडकतात आणि दुप्पट टोल भरतात. द्रुतगतीवर मोटारीला सपाटीला १००, घाटात ६०ची मर्यादा आहे आणि कॅमेरे आहेत. चलन तुम्ही घरी पोचायच्या आत मोबाइलवर पोचलेलं असतं.

आता शेवटचे सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटर. खेड शिवापूर, आनेवाडी, तासवडे, किणी हे चार नाके प्रत्येक कोल्हापूरकराला पाठ आहेत, आणि पाठ असणं हाच इथला धोका आहे. माणूस आठवणीवर गाडी चालवतो. पण सातारा ते कागल सहापदरीकरणाच्या कामाने हा रस्ता आठवणीतला राहिलेला नाही. गेल्या वेळी सरळ होता तिथे आता सिमेंटचे अडथळे लावून सेवा रस्त्यावर उतरवतात. पट्टे मारलेले नसतात, दोन लेनची एक कधी होते ते दिसत नाही, आणि सेवा रस्त्यावर उलट्या बाजूने दुचाकी येते. परतीच्या पावसात यावर चिखल. कराड-मलकापूर भागात तर दर दोन-तीन महिन्यांनी वळण बदललेलं असतं. दिवसा हे त्रासदायक आहे, रात्री पाचशे किलोमीटर चालवून आलेल्याला ते दिसतच नाही. खंबाटकीच्या उतारावर तिसरा गिअर टाका, न्यूट्रल करून तेल वाचवू नका. घाट लहान आहे, पण मुसळधार पावसात खालच्या वळणाला ब्रेक लावून बघायची ती जागा नव्हे.

आणि ऊस. दिवाळीनंतर गळीत हंगाम सुरू झाला की कराडच्या पुढे ट्रॅक्टर दिसू लागतात. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, वेग ताशी वीसेक. भरलेल्या उसाची टोकं आणि वाढे (शेंड्याचा पाला) मागे इतके लोंबतात की असलेला दिवाही झाकला जातो. रात्री पेठ नाक्याच्या पुढे डिपरवर येणाऱ्याला आधी दिसतो तो काळोखाचा एक चौकोन. तो हलतोय की उभा आहे हे कळायला तीस-चाळीस मीटर जातात, आणि ताशी ८०च्या गाडीला दिसल्यापासून थांबायला कोरड्या रस्त्यावरही पन्नासपेक्षा जास्त लागतात. ट्रॉलीचं टायर बसलं की ती जागेवरच उभी राहते, मागे दोन मोठे दगड ठेवतात, काम झालं की ट्रॉली जाते आणि दगड राहतात. म्हणून किणीच्या आसपास अंधारात डाव्या लेनला चिकटून चालू नका, ६०च्या वर जाऊ नका, आणि पुढे सलग काळा पट्टा दिसला की रस्ता मोकळा समजू नका.

स्वतःची गाडी बंद पडली तर आधी चारी इंडिकेटर, मग सगळ्यांना डाव्या कठड्यापलीकडे उभं करायचं, गाडीत कुणी नको. लाल त्रिकोण पन्नास पावलांवर नाही, निदान शंभर पावलांवर मागे. तो ठेवायला जाताना तोंड येणाऱ्या गाड्यांकडे हवं. राष्ट्रीय महामार्गावर मदतीला १०३३, रुग्णवाहिकेला १०८, पोलिसांना ११२.

पावसाळ्यात वैष्णोदेवी किंवा चारधामहून परतणाऱ्यांसाठी एक ओळ जोडतो. २०१९ आणि २०२१ला पंचगंगेच्या पुराने शिरोलीजवळ महामार्गच बंद झाला होता. साताऱ्यात चहाला थांबाल तेव्हा राजाराम बंधाऱ्याची पातळी विचारा. ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका. पातळी धोक्याच्या वर आणि वाढत असेल तर कराडलाच मुक्काम करा. इस्लामपूर-सांगलीकडून वळसा मारून बघू म्हणणारे कृष्णा-वारणेच्या पाण्यात अडकतात.

आपल्याला विनंती दोन. सातारा ते कागल या पट्ट्यात कुठल्या गावाजवळ वाहतूक सेवा रस्त्यावर वळवली आहे, याची चौकट सुट्टीच्या शेवटच्या आठवड्यात, भाऊबीजेपासून पुढे, रोज छापावी. मुंबई-पुण्याकडून येणाऱ्यांना ती आदल्या रात्री मोबाइलवर वाचता येईल. आणि कारखान्यांनी ट्रॉलीमागे रिफ्लेक्टरची पट्टी लावल्याशिवाय उसाचं वजन घेऊ नये, ही मागणी आपण हंगामाच्या तोंडावरच लावून धरावी. पट्टी वाढ्यांच्या खाली, हौद्याच्या फळीवर, दोन्ही कडांना उभी आणि मध्ये आडवी लागली पाहिजे. उसाला अडकवलेलं लाल फडकं रात्री दिसत नाही.

आपले,
शिरोली नाका व उद्यमनगर परिसरातील मेकॅनिक, टायर-अलाइनमेंटवाले आणि लांब पल्ल्याचे चालक,
कोल्हापूर